चंद्रकोरीची टाच

१

फ्रान्समधून जाणाऱ्या संत याकोबाच्या पायी यात्रेच्या वाटेवर मुक्कामाच्या घरांची एक रीत आहे. बूट दाराबाहेर. मग चालणारा न्यायाधीश असो नाहीतर खाटीक, आत यायचं ते मोजे घालून नाहीतर अनवाणी. ओसरीत फळ्यांची मांडणी असते आणि तिच्यावर रात्रभर सगळ्यांचे बूट शेजारी शेजारी बसलेले असतात. पोटात वर्तमानपत्राचे बोळे आणि जिभा बाहेर, दमलेल्या कुत्र्यांसारखे.

सोलांज फाब्रेग अठराव्या दिवशी सकाळी ओसरीत आली, तिनं आपले बूट उचलले आणि तिचा हात तसाच अधांतरी राहिला.

बूट कोरडे होते.

आदला सबंध दिवस पाऊस होता. मांडणीवरचे बाकीचे सहा जोड अजून पाणी धरून होते, हात लावला की गार. तिनं स्वतःच्या हातानं बोळे कोंबले होते, तेही गायब. रंग तोच तपकिरी, नंबर तोच एकोणचाळीस, प्रत्येक दुकानात मिळतात तसलेच बूट. तिनं डावा बूट उलटा केला. तिच्या डाव्या टाचेला वाटेतल्या एका चांभारानं रबराचा तुकडा चिकटवून दिला होता, चंद्रकोरीसारखा. ही टाच सपाट होती.

"माझे बूट कुणीतरी नेले," तिनं आत डोकावून सांगितलं.

घरमालकीण जॉर्जेत पाव कापत होती. तिनं मानही वर केली नाही. "नेतात हो. अंधारात उठायचं, अर्ध्या झोपेत पाय खुपसायचे. मागच्या उन्हाळ्यात एका पाद्रीबुवांनी एका नाचणारीचे नेले. दोन दिवस तसेच चालले दोघं, आणि दोघांचीही तक्रार नव्हती."

टेबलाभोवती बसलेल्यांत हशा पिकला.

"पण नेले कुणी?" सोलांज म्हणाली. "रात्री आपण सात जण होतो. सातही जण इथं कॉफी पितायत."

जॉर्जेतचा सुरा थांबला. तिनं माणसं मोजली, मग वाडगे मोजले. "कुणी उशिरा येऊन गवताच्या कोठीत निजलं असेल," ती म्हणाली. "असतात काही संकोची. घाला तेच, आणि चाला. पुढच्या मुक्कामी गाठ पडेलच. वाट काय दोन आहेत?"

सोलांजनं बूट घातले. तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा टेंगळा आहे. नवा बूट त्या टेंगळ्याला सरावायला महिना घेतो, आणि तो महिना कसा जातो ते तिचं तिला ठाऊक. या बुटात टेंगळ्याची जागा तयार होती, अगदी मापात.

दुसरी एखादी असती तर देवाचे आभार मानून निघाली असती. सोलांजनं एकतीस वर्षं डोंगरातल्या खेड्यांत टपाल वाटलं होतं. लिफाफ्यावरच्या अक्षरावरून घरात काय शिजतंय हे ओळखायची सवय तिच्या हाडात मुरलेली. माझ्यासारखाच टेंगळा असलेली ही कोण बाई, हे कळल्याशिवाय आता तिला चैन पडणार नव्हतं.

२

आज काहीही होवो, संध्याकाळी सातच्या जेवणाला तिला मॉयसाकला पोचायचंच होतं. अठ्ठावीस किलोमीटर. तिथं तिची मुलगी मागाली येणार होती. नऊ वर्षांनी.

झालं होतं ते असं. मागाली लहान असताना तिचा बाप घर सोडून गेला होता. पुढं मुलगी तिशीत आली तेव्हा त्याचं एक पत्र आलं, मुलीच्या नावानं. टपालाच्या पिशवीतून ते सोलांजच्याच हातात पडलं. एकतीस वर्षांत तिनं कुणाचा लिफाफा फोडला नव्हता. तो एक फोडला. मी आजारी आहे, एकदा भेटायला ये, एवढंच आत होतं. सोलांजनं ते कपाटात चादरींखाली सरकवलं. दीड महिन्यात तो गेला. वर्षानं मागालीला चादरी काढताना पत्र सापडलं, आणि त्या दिवसापासून तिनं आईशी बोलणं टाकलं.

आता या वाटेवरून सोलांजनं तिला कार्ड धाडलं होतं. "पायी येते आहे. एक पाऊलही चाकावर टाकणार नाही. मॉयसाकला भेटशील का?" उत्तर आलं, दोन ओळींचं. येते. जेवते. सकाळच्या गाडीनं जाते.

तेव्हा त्या एका जेवणात बोलून घ्यायचं होतं. अठरा दिवस ती ते वाक्य मनात जुळवत होती. मागाली, मी तुझं पत्र फोडलं, दडवलं, तुझा बाप तुझी वाट बघत गेला. इथपर्यंत नीट यायचं. मग 'पण' यायचा. पण मी तुझ्या भल्यासाठी. पण त्यानं आपल्याला काय दिलं होतं. 'पण' आला की वाक्याचं मातेरं. ती परत पहिल्यापासून सुरू करायची.

"पुटपुटतेस काय, टपालवाली?" मागून लोईक म्हणाला. लोईक म्हणजे ब्रिटनीचा निवृत्त मासेविक्या, दोन आठवडे मागेपुढे चालणारा, टाचेला फोड आणि तोंडाला खीळ नाही असा. "रात्रीही तेच. झोपेत सगळी पत्रं मोठ्यानं वाचतेस."

"मी झोपेत बोलते?"

"बोलते? काल मी दोनदा 'आमेन' म्हटलं."

वाट पांढऱ्या मातीच्या उतारावर लागली होती. ही माती वाळली की खडू आणि भिजली की डिंक. लोईकच्या बुटांना दहा पावलांत पावाएवढे गोळे चिकटले. तो थांबायचा, काठीनं खरवडायचा, शिवी द्यायचा. मग त्यानं सोलांजच्या पायांकडे बघितलं.

"तुझे बूट लग्नाला निघालेत काय? एक कण नाही लागला."

सोलांजनंही बघितलं. खरंच होतं. ती कारण शोधू लागणार, एवढ्यात तिला समोरच्या चिखलात दुसरं काही दिसलं. ताज्या पावलांची रांग. बाईमाणसाची. आणि दर दुसऱ्या ठशाच्या टाचेत, स्वच्छ उमटलेली, चंद्रकोर.

"हे बघ माझे बूट," ती म्हणाली. "चालले पुढं."

तिला हसू आलं. चोर सापडला की येतं तसं. ती वाकून वाकून ठसे वाचत निघाली. बाई फार वेगात नव्हती. काठी उजव्या हातात धरत होती. तीव्र उतार आला तिथं ठसे आडवे झाले होते, खेकड्यासारखे, डावा पाय आधी.

सोलांज त्या उतारावर आली आणि आडवी वळली, डावा पाय आधी. गुडघ्यामुळं ती नेहमी तशीच उतरते. तिचं प्रत्येक पाऊल त्या ठशाच्या शेजारी पडलं. ना बोटभर मागं, ना पुढं.

"सहासष्टीच्या सगळ्या बाया अशाच उतरतात," ती मोठ्यानं म्हणाली.

"मी काही बोललो?" लोईक म्हणाला.

३

अकराच्या सुमाराला एका शेतघराच्या फाटकाशी अक्रोडाच्या सावलीत टेबल लागलं. टेबलावर पाण्याचा जग, आलुबुखारांची टोपली, आणि मागं खुर्चीत एक म्हातारा. नाव फेर्नां. येणाऱ्याजाणाऱ्याला फळ द्यायचं आणि बदल्यात चार शब्द घ्यायचे, हा त्याचा धंदा.

"काय विसरलात?" त्यानं सोलांजला विचारलं.

"मी? मी तर आत्ता येतेय."

"आत्ता कशा? तासाभरापूर्वी याच दगडावर बसला होतात. तीन आलुबुखार खाल्लेत आणि बिया कागदात बांधून खिशात घातल्यात. मी म्हटलं, टाका की गवतात. तर म्हणालात, दुसऱ्याच्या दारात कचरा करायची सवय नाही."

सोलांजनं नकळत आपला खिसा चाचपला. कालच्या बिया होत्या. दारोदार टपाल वाटणारीला ती सवय लागतेच. तिनं कधी कुणाला ते सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं काय?

"आणखी काय म्हणाली ती?" तिनं विचारलं. मनातून तिला भीती वाटायला हवी होती. वाटत होती ती उत्सुकता, बंद लिफाफा हातात आल्यासारखी.

"मुलीचं म्हणालात. पत्र दडवल्याचं. मी म्हटलं, बाई, हे मला सांगून काय उपयोग, तिला सांगा." फेर्नांनं पाण्याचा पेला पुढं केला. "तर म्हणालात, सराव करतेय."

लोईक चघळायचा थांबला.

"झोपेत बडबडते ना मी," सोलांज घाईनं त्याला म्हणाली. "कोठीत निजलेल्या बाईनं ऐकलं असेल. भिंत काय, फळ्यांचीच. ऐकलं, आणि आपलंच म्हणून सांगत सुटली. असतात अशी माणसं."

"आणि बिया?"

"बिया मीही ठेवते, तीही ठेवते. त्यात काय."

म्हातारा मात्र तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होता. "जरा उन्हात या," तो म्हणाला. ती सावलीतून बाहेर आली. त्यानं बराच वेळ बघितलं, मग मान हलवली. "माफ करा. चुकलो मी. ती तुम्ही नव्हेत. तिचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. तुमचा समोर असून राहत नाही." त्यानं कपाळ चोळलं. "ऐंशी झाली मला. घ्या, आलुबुखार घ्या."

तिनं एक घेतलं. गोड असणार, लोईक बोटं चाटत होता. तिला काही चव लागली नाही. थकल्यावर तोंड असं होतं कधी कधी.

४

दुपारी एक वाजता, रस्त्यालगतच्या एका लहान गावात चर्चच्या पायरीवर बसून सोलांजनं मॉयसाकच्या मुक्कामाच्या घरी फोन लावला. बुटांचं सांगून ठेवावं, ती बाई पोचली की तिला धरून ठेवा म्हणावं, एवढाच हेतू.

"फाब्रेग बोलतेय," ती म्हणाली. "आज संध्याकाळी मुक्काम आहे माझा."

"हो हो," पलीकडची बाई म्हणाली. "मघाशीच सांगितलंत की. पाचलाच पोचताय. काळजी करू नका, तुमच्या मुलीला कळवलंय मी. ती आधीच्या गाडीनं निघालीय, पाचला इथं असेल."

"मघाशी कधी?"

"झाला असेल तासभर. आवाज किती छान वाटला म्हणून सांगू तुमचा. काल फोनवर जरा कावलेल्या होतात."

सोलांजनं फोन बंद करून मांडीवर ठेवला. चर्चच्या भिंतीला लावलेल्या नळातून पाणी ठिपकत होतं. ती किती तरी वेळ ते ठिपके ऐकत राहिली. तिच्या फोनमध्ये त्या घराचा नंबर होता. दुसऱ्या कुणाकडे असेल? असेल. छापील पुस्तिकेत सगळ्याच घरांचे असतात. मुलीचा नंबर घरवालीकडे होता, तो कालच दिला होता. तेव्हा कुणीही फोन करून म्हणू शकतं की मी फाब्रेग. चेष्टेखोर असेल. वेडी असेल. एवढंच.

पण पाच वाजता मागाली त्या दारात उभी असेल आणि समोरून कुणीतरी येईल.

तेवढ्यात सामान वाहणारी गाडी चौकात येऊन थांबली. ज्यांना ओझं झेपत नाही त्यांच्या पिशव्या ती पुढच्या मुक्कामी पोचवते, आणि बाकीचे चालणारे त्या पिशव्यांना हसतात. लोईक तर सगळ्यात मोठ्यानं. आज तो लंगडत गाडीकडे गेला आणि गाडीवालीशी बोलून परत आला.

"दोघांना जागा आहे," तो म्हणाला. "वीस मिनिटांत मॉयसाक. चल."

"मी नाही चाकावर बसत."

"सोलांज, ऐक. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"तिला लिहिलंय मी. एक पाऊलही नाही म्हणून. पहिलीच भेट आणि पुन्हा खोटं?"

"देव मोजायला बसलाय तुझी पावलं?"

"मुलगी बसलीय."

चालणाऱ्यांना हे समजतं. शंभर कोस चाललेला माणूस शेवटच्या वळणावर गाडीत बसत नाही, पाय तुटला तरी. शहाणी माणसं याला खूळ म्हणतात, आणि असेलही.

पण खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं, आणि ते सोलांजनं त्याला सांगितलं नाही. गाडी जाते डांबरी रस्त्यानं. ठसे जात होते शेतांतून. गाडीत बसलं की ते सुटणार. पुढं काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तो कागद खाली ठेवणं तिला जमलं नसतं, तसंच जसं एकदा आधी जमलं नव्हतं.

"तू जा," ती म्हणाली. "माझ्या आधी पोच. मागालीला धरून बस. सांग, तुझी आई येतेय, थोडा उशीर होईल. दुसऱ्या कुणाचं ऐकू नकोस."

"आणि ती दुसरी आली तर?"

"तू मला ओळखतोस ना?"

"टपालवाली, तुला मी शंभर बायांत आवाजावरून ओळखीन," लोईक म्हणाला आणि गाडीत चढला.

५

आता ती एकटी होती. सूर्यफुलं काढणीला आली होती, काळी पडून माना टाकून उभी. वाट त्यांच्यामधून जायची. सोलांज जमेल तेवढी भरभर चालत होती, आणि गंमत अशी की तिला दम लागत नव्हता. पिशवी खांद्याला टोचत नव्हती. गुडघा बोलत नव्हता. बूट वळणावर आधी वळायचे, मग झाडावरचे वाटेच्या खुणेचे लाल-पांढरे पट्टे दिसायचे. दोनदा तिनं मुद्दाम थांबून बघितलं. दोन्ही वेळा वळण बरोबर.

या बुटांची बाई ही वाट किती वेळा चालली असेल? एकदा चाललेल्या बुटांना एवढं माहीत नसतं.

चार वाजता तिला ती दिसली.

पलीकडच्या टेकडीवर, द्राक्षांच्या दोन ओळींमधून, एक बाई वर चढत होती. राखाडी टोपी, निळी पिशवी. सोलांजची टोपी राखाडी होती, पिशवी निळी. वाटेवर निम्म्या पिशव्या निळ्याच असतात, हे ती स्वतःला सांगत असताना बाई थांबली आणि तिनं डाव्या खांद्याचा पट्टा अंगठ्यानं वर सरकवला. सोलांजचा अंगठा त्या क्षणी तिच्या डाव्या पट्ट्याखाली होता.

"अहो," सोलांजनं हाक मारली. "अहो, बाई. बूट."

आवाज गेला की नाही कोण जाणे. तिला स्वतःला तो नीट ऐकू आला नाही. द्राक्षं तोडणारे चारपाच मजूर अगदी जवळ, ओळीच्या टोकाला वाकलेले होते. त्यांच्यातल्या एकानंही मान वर केली नाही. टेकडीवरच्या बाईनं मात्र हात उंचावला. मागं न वळता. ये, ये, असा. जसं दारात रेंगाळणाऱ्या पोराला म्हणतात.

मग ती पलीकडे उतरली.

सोलांज धावली. सहासष्टाव्या वर्षी, चढावर, धावली. माथ्यावर पोचली तर खाली उतार रिकामा, त्याच्या पायथ्याला रस्ता आणि दूरवर मॉयसाकची घरं. ओल्या मातीत चंद्रकोरी एकामागून एक खाली गेल्या होत्या. त्यांच्यातलं अंतर वाढलं नव्हतं. बाई धावली नव्हती. मग ती दिसत का नव्हती?

आणि इथं सोलांजला पहिल्यांदा वाटलं की मजूर वर बघत नाहीत ते कामात आहेत म्हणून नव्हे.

पाच वाजले. लांबून घंटा ऐकू आली. ती चालत राहिली.

६

पावणेसातला ती मुक्कामाच्या घराशी आली. नदीकडच्या गल्लीत, हिरव्या दाराचं घर. गावातून येताना तिला कुणी 'शुभ वाट' म्हटलं नव्हतं. पिशवी आणि तिच्यावरचा यात्रेकरूचा शिंपला बघून या गावातली मांजरंही म्हणतात.

ओसरीत मांडणी होती. वरच्या फळीवर तिचे बूट.

पांढऱ्या चिखलानं माखलेले, पोटात ताजे बोळे. तिनं डाव्या बुटाची टाच फिरवली. चंद्रकोर झिजली होती, पण तीच. आत हात घातला. बूट अजून कोमट होता. शेजारी लोईकचे, आणि त्यांच्याशेजारी शहरातल्या मुलीचे म्हणावे असे नाजूक, काळे.

आत जेवणघरात बोलणं चाललं होतं. दाराच्या वरच्या भागाला काच होती आणि काचेवर वाफ धरलेली. सोलांजनं मुठीला हात घातला, आणि ऐकू आलं म्हणून थांबली.

"मागाली," आतला आवाज म्हणाला. "मी तुझं पत्र फोडलं. वाचलं, आणि दडवलं. तुझा बाप तुझी वाट बघत गेला, आणि मला ते माहीत होतं."

सोलांज वाट बघत राहिली. 'पण' यायची. आतमध्ये कुणाचा तरी चमचा बशीला लागला. बाहेर नदीवर बदकं भांडत होती.

'पण' आला नाही. वाक्य तिथंच संपलं.

मग खुर्ची सरकली, आणि एक रडणं ऐकू आलं. ते तिनं ओळखलं. सहा वर्षांची असताना गुडघा फुटला तेव्हाचं, तेच, वरच्या सुरात सुरू होऊन खाली येणारं. आणि दुसरा आवाज हलकेच काहीतरी म्हणत होता, शब्द कळत नव्हते, नुसती लय. ती लयही तिचीच होती.

तिच्या मनात आलं, मी हे यापेक्षा चांगलं म्हटलं नसतं. मी हे म्हणूच शकले नसते.

तिनं बूट काढले. रीतच तशी. आणि दार ढकललं.

७

सगळ्यात आधी तिनं मागालीलाच पाहिलं. केस कापले होते. डोळे लाल, आणि चेहरा पाऊस पडून गेलेल्या अंगणासारखा. टेबलाशी लोईक होता, लाल वाइनचा पेला हातात धरून, नाक ओढत. तिसऱ्या खुर्चीवर राखाडी टोपी लटकवलेली होती आणि खुर्ची रिकामी होती. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं. तिकडून भांड्यांचा आवाज येत होता.

"लोईक," सोलांज म्हणाली.

लोईकनं नम्रपणे मान लववली, जशी अनोळखी बाईला लववतात. "आपण आधी भेटलोय का? माफ करा, या वाटेवर इतकी माणसं भेटतात."

"मी सोलांज."

"अरे वा," तो म्हणाला. "आमच्याकडे एक आहेच."

मागाली उठली होती. तिनं खुर्ची ओढून दिली. "बसा ना. किती थकलेल्या दिसता. आई," ती स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "कुणी बाई आल्यायत."

"बसू दे त्यांना," आतून आवाज आला. "आधी सूप वाढ. लांबून आल्यात."

मागालीनं सूप वाढलं. आपल्या हातानं. नऊ वर्षांत सोलांजनं त्या हाताचं काही खाल्लं नव्हतं. तिनं चमचा तोंडाला लावला. वाफ दिसत होती, चव नव्हती. ओरडावं, ती मी आहे म्हणावं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग मागालीच्या चेहऱ्यावरचं ते सगळं पुसून जाईल, आणि त्या जागी काय येईल? तिच्याजवळ दाखवायला होतं काय? एक वाक्य, आणि तेही 'पण' लावलेलं.

"मुलं आहेत तुम्हाला?" मागालीनं विचारलं. नुसती चौकशी, शेजारी बसणाऱ्यानं करावी तशी.

"एक मुलगी आहे."

"बोलते?"

"नाही. बरीच वर्षं."

मागाली थोडा वेळ पावाचा तुकडा बोटांत फिरवत राहिली. "मग वाट बघू नका," ती म्हणाली. "तुम्हीच जा. मला वाटायचं माझी आई कधी येणार नाही. आली बघा. पायी."

स्वयंपाकघराचं दार वाजलं. फरशीवर मोज्यांतली पावलं आली, डावं पाऊल जरा जड. सकाळपासून सोलांजला एकच गोष्ट हवी होती, तिचा चेहरा बघायला मिळणं. आता ती पाठीमागं, हाताच्या अंतरावर उभी होती. नुसती मान वळवायची खोटी.

सोलांजनं मान वळवली नाही. ती समोर मागालीकडे बघत राहिली. मागाली तिच्या डोक्यावरून वर बघत होती, आणि अशी हसत होती की ते हसू आपल्याला मिळालं असतं तर आपण त्याचं काय केलं असतं, तेही सोलांजला कळेना.

खांद्यावरून एक हात पुढं आला. त्यानं तिच्या ताटलीशेजारी पावाची जाड कड ठेवली. अंगठ्याच्या पेरावर पत्रांचे गठ्ठे बांधणाऱ्या दोरीनं पडलेला जुना घट्टा होता, सोलांजच्या अंगठ्यावर होता तसाच.

"खाऊन घे," हलक्या आवाजात, फक्त तिलाच ऐकू जाईल असं, ती म्हणाली. "ते बूट आता तुझे. उद्या तुला पुष्कळ चालायचंय."